रोहिणी लागायच्या आत चूल साफ करा: पाइप, राख, भेगा आणि लाकडं

आमच्याकडे गॅस आहे, इंडक्शनची शेगडीही आहे. तरी मागच्या पडवीतली चूल रोज पेटते. आंघोळीचं पाणी तिच्यावर, सकाळची पेज तिच्यावर, गणपतीत मुंबईची माणसं आली की भाताचं मोठं तपेलं तिच्यावरच. दापोलीच्या किनारपट्टीवर बहुतेक घरांत अजून असंच आहे. चूल वापरतात सगळे, साफ मात्र धूर डोळ्यांत जायला लागल्यावरच करतात. आम्हीही त्यातलेच होतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि आमच्याकडचे माड, पोफळी, आंबे आडवे करून गेलं. वीज कित्येक दिवस नव्हती, सिलिंडर संपला, रस्ते बंद. अंगणात मात्र हवं तेवढं लाकूड पडलेलं. आम्ही तेच जाळलं, नुकत्याच मोडलेल्या कलमाच्या फांद्या, चिकासकट. पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी धूर पाइपातून वर जायचा तो उलटा स्वयंपाकघरात आला. दुसऱ्या दिवशी पाइप उतरवला. आत डांबरासारखा चकचकीत थर, आणि चार इंची पाइपात जेमतेम माझा अंगठा जाईल एवढी वाट उरलेली.

चूल नेहमीचीच होती, पाइपही. बदललं होतं फक्त लाकूड. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असतं. आच आधी ते पाणी उकळवण्यात खर्ची पडते, जाळ थंडावतो, आणि लाकडातून निघणारे वायू पुरते न जळता धुराबरोबर वर जातात. वरचा पाइप थंड असला की ते तिथेच गोठून चिकटतात. हेच ते क्रिओसोट. कोकणात हवेतच एवढी ओल असते की चुलीची निगा म्हणजे निम्मी ओलीशीच झटापट. म्हणून पुढचं सगळं मी त्याच अंगाने सांगणार आहे.

केव्हा करायचं

मोठी सफाई वर्षातून दोनदा. पहिली मे महिन्यात, २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागायच्या आत. दुसरी गणपतीच्या आठवडाभर आधी, जरा हलक्या हाताने. पुष्कळ जण दसऱ्याला घर झाडताना चुलीकडे वळतात. ते चूक नाही, पण पाइपासाठी उशीर झालेला असतो. काजळीला ओल लागली की ती आम्लधर्मी होते आणि पत्र्याला खाते. आत अर्ध्या वर्षाचा थर तसाच ठेवून चार महिने पावसाची झड त्यात जाऊ दिली तर ऑक्टोबरात पाइपाला बाहेरून अंगठ्याने दाबलं तरी भोक पडतं. वर समुद्राची खारी हवा आहेच. त्यामुळे पाइप पावसाआधी कोरडा आणि मोकळा हवा.

रोजचं काम: राख आणि पोतेरं

यावर फार बोलायला नको, पण तीन चुका सगळ्या घरांत होतात.

सगळी राख खरवडून काढायची नाही. जाळी नसलेल्या मातीच्या चुलीत तळाशी दोन बोटं राख राहू द्यावी. ती चुलीची जमीन तापून तडकू देत नाही आणि निखारा धरून ठेवते. जाळी असलेल्या चुलीत मात्र उलट. जाळीखालची राख रोज काढा, कारण हवा तिथूनच येते. ती वाट बुजली की फुंकणीने कितीही फुंका, जाळ धरत नाही आणि जाळीच्या सळ्याही तापून वाकतात.

दुसरी चूक, राख प्लास्टिकच्या बादलीत. वरून थंड दिसणाऱ्या राखेच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवसापर्यंतही जिवंत राहतो. जुनी पत्र्याची बादली घ्या, वर झाकण, आणि बादली जांभ्याच्या चिऱ्यावर (दगडावर) ठेवा. गवताच्या उडवीपासून आणि गोठ्यापासून लांब.

तिसरी चूक म्हणजे तापलेल्या चुलीवर ओलं पोतेरं फिरवणं, किंवा जाळ विझवायला तांब्याभर पाणी ओतणं. माती एकदम आक्रसते आणि तडा जातो. लाकडं बाहेर ओढून राखेत दाबून विझवा. सारवण सकाळी, पेटवायच्या आधी.

आठवड्याचं काम: वैलाची वाट

चुलीतून वैलाकडे, म्हणजे मागच्या दुसऱ्या भोकाकडे, जाणारा बोगदा कोणी बघत नाही. पुढच्या भोकावर भात रटरटतो आणि वैलावरचं पाणी कोमटच राहतं, याचं कारण बहुधा तिथे असतं. आठवड्यातून एकदा, चूल थंड असताना, वैलाच्या भोकातून हात घाला. जुन्या पळीने आधी तळाची राख ओढून काढा, मग माडाच्या हिरांचा (पातींमधल्या काड्यांचा) आखूड खराटा बाजूंवरून आणि वरच्या अंगाने फिरवा. वरची बाजू विसरू नका, काजळी तिथेच लटकते. नाकातोंडाला फडकं बांधून करा.

भांडं टेकतं ते तीन उंचवटे याच वेळी तपासा. एक जरी झिजला असेल तर भांडं कलतं, एका बाजूने आच वाया जाते, आणि पेज उतू जाऊन चुलीत पडते. पेजेचं पाणी तापल्या मातीवर पडलं की काय होतं ते वर सांगितलंच.

पाइपाची सफाई

ज्यांच्या चुलीला पाइप नाही, नुसतं कौलांतलं धुराडं आहे, त्यांनी वरची जळमटं आणि वाशांवरची काजळी लांब काठीच्या झाडूने झाडून घ्यावी. काजळी लटकलेली कोळिष्टकं ठिणगीने पेटतात, हे लक्षात असू द्या.

पाइप असेल तर आधी तो कशाचा आहे ते पाहा. ऐंशीच्या दशकात सरकारच्या सुधारित चुलींच्या कार्यक्रमात राखाडी सिमेंटचे पाइप बसवले गेले, ते अ‍ॅस्बेस्टॉसचे असत. तसले अजून काही घरांत आहेत. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात गेले की कायमचे आजार होतात. अशा पाइपाला तारेचा ब्रश लावू नका, कानसू नका, कापू नका, फोडू नका. आतून ओल्या सोडणाने (नारळाच्या सालीने) हळू साफ करा, आणि जमेल तेव्हा अख्खा उतरवून पत्र्याचा बसवा. खर्चाचं रडगाणं मलाही कळतं, पण हा खर्च टाळण्यातला नाही.

आता पत्र्याच्या पाइपाबद्दल. आदल्या दिवशी दुपारनंतर चूल पेटवायची नाही. सकाळी चुलीचं तोंड आणि वैल ओल्या गोणपाटाने झाका, नाहीतर काजळी आख्ख्या स्वयंपाकघरात पसरते आणि आठवडाभर पांढरं कापड घरात वाळत घालता येत नाही. स्वानुभव.

मग वर जायचं. इथे मी हट्टाने सांगते की कौलांवरून चालू नका. मंगलोरी कौल वरून भक्कम वाटतं, पण शेवाळ धरलेल्या कौलावर पाय घसरतो आणि रिपेच्या मध्ये पडला तर कौल फुटतं. भिंतीला शिडी लावून हात पोचत असेल तरच टोपी वरून काढा. पोचत नसेल तर खालचा सांधा सोडवून पाइप आतून उतरवणं बरं. बाहेर अंगणात आडवा ठेवला की काम निवांत होतं.

साफ करायला दुकानातला ब्रश लागत नाही. नारळाचं सुकं सोडण घ्या, पाइपाच्या व्यासाला घट्ट बसेल एवढा त्याचा गुंडा काथ्याने आवळा, आणि दोन्ही बाजूंना काथ्याची लांब दोरी बांधा. एक माणूस इकडे, एक तिकडे, आणि करवतीसारखं ओढा. दहा-बारा फेऱ्यांत भुकटी काजळी सगळी खाली येते. उभ्या पाइपात करायचं असेल तर खालच्या दोरीला वजन म्हणून जुना लोखंडी नट बांधा.

निघालेली काजळी नीट बघा, ती चुलीची पत्रिका सांगते. मखमलीसारखी मऊ काळी भुकटी असेल तर लाकूड कोरडं आहे, तुमचं बरं चाललंय. पापुद्र्यांसारखी खपली निघत असेल तर लाकूड दमट आहे किंवा रात्रभर जाळ धुमसत ठेवता. काचेसारखा चकचकीत, चिकट थर असेल तर तो सोडणाने हलणारच नाही. तारेच्या ब्रशने निघतो तेवढा काढा. राहिला तर तो तुकडा बदला, कारण हाच थर पेट घेतो. अंदाज म्हणून एक माप लक्षात ठेवा. थर ३ मिलिमीटर झाला की सफाईची वेळ झाली, ६ मिलिमीटर झाला की चूल पेटवणं थांबवा.

टोपीचीही तपासणी करा. जाळीची टोपी सगळ्यात आधी बुजते. आमची चूल एकदा महिनाभर बंद होती, तेव्हा गांधीलमाश्यांनी टोपीच्या आत घर केलं होतं. खारीही काथ्या भरून ठेवतात. पाइप परत बसवताना तो वाशाला किंवा रिपेला चिकटू देऊ नका. मधे मोकळी जागा ठेवा आणि भोवती पत्र्याची फिरकी घाला. वरचं टोक कौलांच्या वर निदान दोन-तीन फूट हवं, नाहीतर समुद्रावरचा वारा धूर खाली दाबतो. सांधे चिखलाने लिंपा.

शेवटी उदबत्तीची परीक्षा. थंड चुलीच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरा. धुराची रेघ आत वळली तर ओढ आहे. सरळ वर गेली किंवा तुमच्याकडे आली तर कुठेतरी अजून अडलंय. आधी वैलाचं भोक झाकलंय का ते बघा. निम्म्या वेळा तेच असतं.

पाइप पेटला तर

आगगाडी गेल्यासारखा घरघराट, पाइपाच्या वरच्या टोकाला ठिणग्या, पत्रा लालसर, ही त्याची लक्षणं. पाणी पाइपात वरून ओतू नका, तापलेला पत्रा फाटतो आणि वाफ अंगावर येते. हवा तोडा. चुलीच्या तोंडाला तवा किंवा पत्रा लावा, वैलावर झाकण ठेवा, फटींवर ओला चिखल थापा. पोरंबाळं बाहेर काढा आणि वाशांवर नजर ठेवा. लाकूड धुमसायला लागलं तर पाणी तिथे मारा. आटोक्यात येत नसेल तर १०१ किंवा ११२ ला फोन करा आणि गावाला हाक मारा. गावच आधी पोचेल. आग विझल्यावर पाइप पूर्ण तपासल्याशिवाय पुन्हा पेटवू नका.

भेगा बुजवणं

केसाएवढी भेग चालते. बोटाचं नख जाईल एवढी झाली की बुजवायची, कारण तिथून हवा शिरते आणि पाइपाची ओढ कमी होते.

अंगणातली लाल माती एकटी चालत नाही, जांभ्याचा भुगा तिच्यात फार. खाचरातली चिकण माती आणा किंवा जुन्या वारुळाची. वारूळ ठोकून, वाट बघून, मग हात घाला, आतला मालक घरी असू शकतो. माती चाळा. अंदाजे तीन भाग मातीला एक भाग ताजं शेण आणि एक भाग भाताचं तूस. पाणी थोडं थोडं. मळून रात्रभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा.

समुद्रावरची रेती अजिबात नको. फुकट मिळते म्हणून आमच्या वाडीत एकाने घातली. मीठ हवेतली ओल ओढतं, त्यामुळे पावसाळाभर चूल घामेजलेली, वर लोखंडी जाळी दोन वर्षांत गंजून तुटली.

माझी पहिली चूल मी लिंपली तेव्हा सासूबाई बाजूला पाटावर बसल्या होत्या. मी केलेल्या मातीचा गोळा त्यांनी उचलला, मुठीत दाबला, उघडला. कडांना चिरा पडलेल्या. "अगो, ही उद्यापर्यंत टरकेल. तूस घाल अजून, नि मळ. कणकेसारखी नको, पुरणासारखी हवी." मग भेग दाखवली. मी तशीच वरून माती थापत होते. त्यांनी नारळ खवण्याच्या जुन्या विळीच्या टोकाने भेग आधी रुंद केली, आतली जळकी माती झाडली, बोटं पाण्यात बुडवून भेगेत तीन-चारदा पाणी मुरवलं. "चुलीला पाणी पाजायचं, आंघोळ नाही घालायची." कोरड्या जुन्या मातीने नव्या मातीतलं पाणी ओढून घेतलं की जोड सुटतो, म्हणून ते आधी पाजायचं. मग माती अंगठ्याने आत कोंबत कोंबत भरली आणि वरून पाठीवरून हात फिरवल्यासारखी सपाट केली.

दुसऱ्या दिवशी बारीक चिरा दिसतातच. त्यांवर पातळ शेणकाला फिरवा. वाळवणं सावलीत. मे महिन्यात चार-पाच दिवस पुरतात, पावसात पंधरा दिवसही अपुरे.

लाकडं

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि आपल्याकडे याचाच आळस. पाऊस यायला आठ दिवस राहिले की टेम्पोभर लाकूड आणायचं आणि ओलंच पडवीत रचायचं. यंदाचं लाकूड पुढच्या पावसाळ्यासाठी, असा हिशेब जमला तर उत्तम. निदान दिवाळीनंतर तोडून, फोडून, पाच-सहा महिने ऊन दाखवलेलं हवं. अख्खा ओंडका वाळत नाही, मनगटाएवढे फोड करा.

वाळलं का हे कसं ओळखाल? दोन फोड एकमेकांवर आपटा. ठण्ण वाजलं तर तयार, भद्द वाजलं तर ओलं. कापलेल्या टोकाला चिरा हव्यात. चुलीत घातल्यावर दुसऱ्या टोकाला फेस येऊन सूंsss आवाज आला तर तुम्ही पाणी जाळताय.

ऐन, किंजळ, सुरू, आकेशिया ही आमची पसंती, जाळ दमदार आणि काजळी कमी. आंबा चालतो, पण नीट वाळलेला. करवंट्या पेटवायला झकास. सोडणं धुमसतात, ती न्हाणीच्या चुलीला बरी, स्वयंपाकाच्या नाही. चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या) भडकतात आणि विझतात, फक्त सुरुवातीला.

काजूची टरफलं कधीही जाळू नका. कारखान्याबाहेर गोणीने मिळतात आणि भसाभसा पेटतात, म्हणून मोह होतो. त्यांतलं तेल दाहक असतं, हातावर फोड येतात ते त्यानेच. त्याचा धूर डोळ्याघशाला झोंबतो आणि पाइपात लुकणासारखा चिकटतो. किनाऱ्याला वाहून आलेले ओंडकेही नकोत. खाऱ्या लाकडाच्या धुराने पत्रा सडतो आणि विषारी वायू निघतात. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, दुधाच्या पिशव्या, हे तर सांगायलाच नको, पण पेटवायला पिशवी वापरणारे हात मी रोज बघते.

रचताना खाली चिरे किंवा माडाच्या फाळी, म्हणजे वाळवी आणि जमिनीची ओल लागत नाही. भिंतीपासून हातभर सोडा. आठवड्याला लागेल तेवढं चुलीमागे आणून ठेवा, तिथल्या उबेने ते आणखी वाळतं. मात्र चुलीला टेकून नको.

आणि ढिगात हात घालताना आधी काठीने ठोका. फुरसं आणि लाल विंचू दोघांनाही लाकडाचा ढीग आवडतो. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध जीव वाचवतं, हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिलं. म्हणजे उपाय दवाखान्यात आहे, मांत्रिकाकडे नाही.

बंब आणि भांडी

न्हाणीतल्या तांब्याच्या बंबाची मधली नळी म्हणजे छोटा पाइपच. महिन्याला हिरांचा खराटा फिरवा. पाणी भरल्याशिवाय विस्तव घालू नका, झाळ सुटते आणि दुरुस्त करणारे आता शोधावे लागतात. बाहेरून आमसुलं किंवा चिंच आणि मीठ. न्हाणीचं दार लावून घेऊन विस्तव ठेवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोप आल्यासारखा कोसळतो.

भांड्यांना चुलीवर ठेवण्याआधी बाहेरून राखेचा ओला लेवा द्या, काजळी धुताना सहज सुटते. राखेने पितळ, स्टील घासा, अ‍ॅल्युमिनियम नाही. राख क्षारयुक्त, ती अ‍ॅल्युमिनियमला खाते.

उरलेली राख चाळून कोरडी ठेवा. पावसात भिजली तर तिच्यातलं पालाश वाहून जातं. आमच्या आंबट मातीला आणि माडाच्या आळ्यांना ती मानवते. शेणखताच्या किंवा युरियाच्या जोडीने एकाच वेळी घालू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

दुरुस्तीनंतरचा पहिला जाळ

लिंपलेली चूल वाळल्यासारखी दिसली तरी पोटात ओली असते. पहिल्या दिवशी फक्त दोन करवंट्या आणि मूठभर काटक्या, वर भांडं नको. अर्ध्या तासाने विझू द्या. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त, वर पाण्याचं हलकं भांडं. मातीतून वाफ निघताना दिसली तर तिथेच थांबा, आणखी एक दिवस द्या. भाताचं तपेलं चौथ्या दिवशी.